इंग्रजीतील देशनामे व प्राणिनामे : त्यांचा उगम आणि वर्गातील उपयोग

इंग्रजीच्या पाठ्यपुस्तकात प्राण्यांची व देशांची नावे बहुधा चित्रांसह येतात. मुले चित्र पाहतात, गुरुजींच्या मागोमाग नाव उच्चारतात आणि वहीत पाच-पाच वेळा लिहून काढतात. एवढ्यावर पाठ आटोपतो. शब्द तोंडी बसावा हा हेतू त्यायोगे साधतो, यात शंका नाही. परंतु त्या नावासंबंधी मुलांच्या मनात जे कुतूहल उत्पन्न होते त्याचे पुढे काय होते, याचा विचार आपण सहसा करीत नाही. प्रस्तुत लेखात तो थोडासा करावयाचा आहे.

एका शाळाभेटीच्या वेळी सहावीच्या वर्गातील एका मुलीने विचारले, "गुरुजी, भूगोलात टर्की हा देश आहे आणि इंग्रजीत टर्की हा पक्षी आहे. मग देशाचे नाव पक्ष्याला दिले, की पक्ष्याचे देशाला?" प्रश्न नेमका होता. गुरुजींनी "तो पक्षी त्या देशातला, म्हणून त्याला ते नाव पडले" असे सांगितले आणि पाठ पुढे नेला. हे उत्तर कोणासही सहज सुचण्याजोगे आहे. दहांपैकी नऊ जण तेच देतील. परंतु ते खरे नाही. खरी हकीकत अशी आहे की, ती सांगितली असती तर त्या तासाला इंग्रजी, भूगोल व इतिहास हे तिन्ही विषय एकत्र शिकवून झाले असते.

टर्की हा पक्षी मूळचा अमेरिका खंडातला. मेक्सिकोतील लोकांनी तो फार प्राचीन काळी माणसाळविला. कोलंबस १४९२ मध्ये अमेरिकेस पोहोचला आणि त्यानंतर थोड्याच वर्षांत, म्हणजे सोळाव्या शतकाच्या आरंभी, स्पॅनिश लोकांनी हा पक्षी युरोपात नेला. त्याच काळात आणखी एक पक्षी इंग्लंडात येत असे, तो म्हणजे आफ्रिकेतील गिनी कोंबडी. ती तुर्की मुलखाशी व्यापार करणाऱ्या व्यापाऱ्यांच्या हातून येत असल्यामुळे इंग्रज तिला 'टर्कीचा कोंबडा' म्हणू लागले होते. पुढे अमेरिकेतला हा मोठा पक्षी आला, तेव्हा लोकांनी दोहोंत घोटाळा केला आणि आफ्रिकेच्या पक्ष्याचे नाव अमेरिकेच्या पक्ष्यास चिकटले. म्हणजे पक्षी मेक्सिकोचा, नाव तुर्कस्तानचे, आणि ते नावही मुळात दुसऱ्याच पक्ष्याचे. हा घोटाळा केवळ सामान्य जनांचाच झाला असे नाही. लिनियस या थोर स्वीडिश शास्त्रज्ञाने १७५८ मध्ये या पक्ष्यास जे शास्त्रीय नाव दिले, त्यातील 'मेलिआग्रिस' हा पहिला शब्द ग्रीक भाषेत गिनी कोंबडीचाच वाचक आहे.

आता कोणी म्हणेल, इंग्रज चुकले. तुर्की लोकांना तरी ठाऊक असेल की हा आपला पक्षी नव्हे. त्यांना ते ठाऊक होतेच. म्हणून त्यांनी त्या पक्ष्याला नाव दिले 'हिंदी', अर्थात हिंदुस्थानचा! फ्रेंच लोक त्याला 'दँद' म्हणतात. त्या शब्दाचा मूळ अर्थ 'इंडियाची' (कोंबडी) असाच आहे. रशियन व पोलिश भाषांतील नावांतही इंडियाच आहे. डच लोकांनी तर गावही नेमून दिले. त्यांच्या भाषेत या पक्ष्याला 'काल्कून' म्हणतात, म्हणजे कालिकतची कोंबडी. कालिकत म्हणजे केरळातील आजचे कोझिकोड, जेथे वास्को द गामा १४९८ मध्ये उतरला. पोर्तुगीज भाषेत याच पक्ष्याचे नाव 'पेरू'. पेरू हा देश निदान अमेरिका खंडात तरी आहे. परंतु पक्ष्याचे घर असलेल्या मेक्सिकोपासून तो पुष्कळ दक्षिणेस आहे. अरबीत त्याला 'रूमी कोंबडा' म्हणतात. मेक्सिकोतील मूळ लोकांचे जे नाव, त्यावरून झालेला 'ग्वाहोलोते' हा शब्द मात्र मेक्सिकोतच राहिला. घरच्यांनी दिलेले नाव घरी राहिले आणि पाहुण्याला प्रत्येक गावाने आपापल्या समजुतीने हाक मारली, असा हा प्रकार आहे.

या हकीकतीत आपल्या प्रदेशाचाही एक दुवा आहे. जहांगीर बादशहाने मुकर्रबखान या आपल्या सरदारास दुर्मीळ वस्तू खरेदी करण्यासाठी गोव्यास पाठविले होते. तो १६१२ मध्ये परत आला, तेव्हा त्याने आणलेल्या प्राण्यांत हा पक्षी होता. असे प्राणी आपण पूर्वी कधी पाहिले नव्हते आणि त्यांची नावेही कोणास माहीत नव्हती, असे बादशहाने आपल्या आत्मवृत्तात नमूद केले आहे. त्याने चित्रकारांकडून त्यांची चित्रे काढविली. उस्ताद मन्सूर याच्या नावे असलेले टर्कीचे सुंदर चित्र आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. ज्या पक्ष्याला अर्धे युरोप 'इंडियाचा' म्हणत होते, तो इंडियाच्या बादशहाला मात्र निनावी वाटला, ही गोष्ट मुलांना अवश्य सांगावी. ती ऐकून मुले हसतात, आणि हसता हसता त्यांच्या ध्यानात येते की, नाव हा वस्तूच्या जन्माचा दाखला नसतो. वस्तू आपल्याकडे कोणाच्या हातून आली आणि तिच्यासंबंधी आपण कोणाच्या तोंडून ऐकले, एवढेच बहुधा नावात नोंदलेले असते.

जाता जाता एक सूचना. तुर्कस्तान देशाने आपले नाव सर्व भाषांत 'तुर्किये' असे लिहिले जावे अशी विनंती केली आणि संयुक्त राष्ट्रांनी ती २०२२ मध्ये मान्य केली. भूगोल शिकविताना हे नाव सांगणे इष्ट. देश आपले नाव स्वतः सांगू लागला की शिक्षकाने ते ऐकले पाहिजे. श्रीलंका (१९७२) व म्यानमार (१९८९) या आपल्या शेजाऱ्यांची उदाहरणे परिचितच आहेत.

आता 'इंडिया' या नावाकडे वळू. सिंधू नदीवरून हे नाव आले, इतके बहुतेक शिक्षकांस माहीत असते. परंतु 'स'चा 'ह' कसा झाला आणि 'ह' पुन्हा कोठे गेला, हे सांगितल्याखेरीज मुलांचे समाधान होत नाही. प्राचीन इराणी भाषेत शब्दारंभीच्या 'स'च्या जागी 'ह' येत असे. त्यामुळे सिंधूचे 'हिंदू' झाले. दारयवहू, ज्याला ग्रीक लोक दरायस म्हणत, त्या इराणी सम्राटाच्या इसवी सनापूर्वीच्या शिलालेखांत या प्रदेशाचे नाव 'हिंदुश' असे आढळते. इराण्यांकडून हे नाव ग्रीकांकडे गेले. ज्या ग्रीकांच्या तोंडी ते प्रथम आले त्यांच्या बोलीत आरंभीचा 'ह' उच्चारला जात नसे. म्हणून नदी झाली 'इंदोस' आणि देश झाला 'इंडिया'. तेथून लॅटिनमध्ये व लॅटिनमधून इंग्रजीत ते आले. 'स' व 'ह' यांचे हे नाते मुलांना पटवून देण्यास पुस्तकाची गरज नाही. 'सप्ताह' आणि 'हप्ता' हे दोन शब्द फळ्यावर शेजारी-शेजारी लिहावेत. गावात हरिनामाचा सप्ताह होतो आणि सोसायटीच्या कर्जाचा हप्ता भरावा लागतो. दोन्ही शब्दांच्या पोटात 'सात' हीच संख्या आहे. पहिला संस्कृतातून आला, दुसरा फारसीतून. ज्या मुलाने हे एकदा पाहिले, त्याला सिंधूचे हिंदू होणे चमत्कारिक वाटत नाही. आपल्या संविधानाच्या पहिल्याच अनुच्छेदात इंडिया व भारत ही दोन्ही नावे आहेत. त्यांपैकी एक नाव आपण स्वतःला दिलेले आहे. दुसऱ्याचे बीज आपले असले तरी रूप मात्र परक्या उच्चारांनी घडविलेले आहे.

येथे परकीयांना हसण्याचे कारण नाही, कारण आपणही तेच केले आहे. ग्रीक लोक आपल्या देशाला 'हेलास' म्हणत. आपल्या पूर्वजांनी त्यांना 'यवन' म्हटले. आशिया मायनरच्या किनाऱ्यावरील आयोनिया या ग्रीक प्रदेशाच्या नावावरून, इराणी लोकांच्या द्वारे हा शब्द आपल्याकडे आला. म्हणजे एका किनाऱ्याचे नाव साऱ्या लोकांना लागले. पुढे ग्रीकांशी काडीचाही संबंध नसलेल्या लोकांनाही मराठीत 'यवन' म्हटले जाऊ लागले. टर्कीच्या पक्ष्यासारखीच गत. मराठी बखरींतील 'वलंदेज' म्हणजे हॉलंडचे लोक. हा शब्द आपण पोर्तुगिजांच्या तोंडून घेतला. 'इंग्रज' हा शब्ददेखील पोर्तुगीज 'इंग्लेश'पासूनच झालेला आहे. इंग्रजांना इंग्रज हे नाव आपण पोर्तुगिजांचे ऐकून दिले, ही गोष्ट सातवीच्या इतिहासाच्या तासाला सांगून पाहावी.

आता शिक्षकांनी ज्याबाबत विशेष सावध असावे असा एक विषय. नावांच्या उगमासंबंधी अनेक चटकदार गोष्टी प्रचलित आहेत, आणि त्यांतील पुष्कळशा रचलेल्या आहेत. कांगारूची गोष्ट आपणांपैकी अनेकांनी ऐकली असेल व वर्गात सांगितलीही असेल : कॅप्टन कुकने तेथील रहिवाशाला "हा कोणता प्राणी?" असे विचारले, त्याने आपल्या भाषेत "मला कळत नाही" असे उत्तर दिले, आणि तेच शब्द म्हणजे 'कांगारू'. गोष्ट ऐकण्यास गोड आहे. पण खोटी आहे. कुकचे जहाज १७७० मध्ये ऑस्ट्रेलियाच्या ईशान्य किनाऱ्यावर प्रवाळाच्या खडकावर आदळून फुटले आणि दुरुस्तीसाठी एका नदीच्या मुखाशी काही आठवडे थांबले. तेथील लोकांच्या गुगू यिमिथिर या भाषेत एका जातीच्या मोठ्या कांगारूस 'गंगुर्रू' असे म्हणत. कुक व त्याचा सहप्रवासी जोसेफ बँक्स यांनी तो शब्द बऱ्यापैकी अचूक टिपून घेतला होता.

मग संशय का उत्पन्न झाला? पन्नास वर्षांनी, १८२० मध्ये, फिलिप किंग नावाचा दुसरा इंग्रज नाविक त्याच ठिकाणी गेला. त्याने तोच प्रश्न विचारला, तेव्हा त्याला निराळाच शब्द मिळाला. त्यावरून लोकांनी तर्क केला की, कुकचीच फसगत झाली असावी. हा उलगडा १९७० च्या दशकात झाला. जॉन हॅविलंड या भाषाभ्यासकाने तेथील लोकांत राहून त्यांची भाषा शिकून घेतली, तेव्हा दिसून आले की दोन्ही शब्द बरोबर होते. कुकला त्या विशिष्ट जातीचे नाव मिळाले होते. किंगला मिळालेला 'मिन्हा' हा खाण्याजोग्या प्राण्यांसाठी असलेला सामान्य शब्द होता. आपल्या गावी कोणी परका मनुष्य येऊन बैलाकडे बोट दाखवील, तर एक जण म्हणेल 'खिल्लार' आणि दुसरा म्हणेल 'जनावर'. दोघांपैकी कोणीही खोटे बोलला असे होत नाही. रचलेल्या गोष्टीत तेथील लोक अडाणी ठरतात व कुक भोळा ठरतो. खऱ्या हकीकतीत दोन्ही पक्ष शहाणे निघतात. पण ती शोधण्यासाठी कोणाला तरी तेथे जाऊन ती भाषा शिकावी लागली. माझ्या मते वर्गात सांगण्यास हीच हकीकत अधिक योग्य आहे, मग तिला पाच मिनिटे अधिक लागोत.

तिचा उत्तरार्धही मनोरंजक आहे. इंग्रज १७८८ मध्ये सिडनीजवळ वसाहत करण्यास आले, तेव्हा हा शब्द बरोबर घेऊन आले. परंतु ऑस्ट्रेलियात त्या काळी अडीचशेच्या आसपास भाषा होत्या आणि सिडनी त्या नदीपासून दोन हजार किलोमीटरांहून अधिक दूर. तेथील लोकांना 'कांगारू' हा शब्द इंग्रजीच वाटला, व तो कोणत्याही मोठ्या प्राण्यास लावतात अशी त्यांची समजूत झाली.

ग्रामीण भागातील मुलांना इंग्रजीचे भय वाटते. ती भाषा शहरातल्यांची, आपल्या घराशी तिचा संबंध नाही, अशी त्यांची भावना असते. या भयावर एक चांगला उपाय त्यांच्या बांधावरच आहे, तो म्हणजे मुंगूस. इंग्रजीतील 'मंगूस' हा शब्द मराठीतून गेलेला आहे, असे इंग्रजीचे प्रमाणभूत कोश नोंदवितात. कन्नड 'मुंगुसी' व तेलुगू 'मुंगिस' ही त्याची भावंडे. हा शब्द सतराव्या शतकाच्या अखेरीस इंग्रजीत दिसू लागला. पुढे इंग्रजांनी त्याचे शेपूट आपल्या 'गूस' म्हणजे हंस या शब्दासारखे लिहिण्यास सुरुवात केली. पण हंसाशी त्याचा कोणताही संबंध नाही. म्हणूनच 'गूस'चे अनेकवचन 'गीस' होत असले, तरी मंगूसचे अनेकवचन 'मंगीस' होत नाही, 'मंगूसेस' असे होते. व्याकरणाचा हा अपवाद मुले एरवी पाठ करून विसरतात. शब्द आपल्या घरचा आहे, हंसाच्या घरचा नाही, हे कळल्यावर तो पाठ करावा लागत नाही.

शेतकऱ्याच्या मुलांना घूस हा प्राणी निराळा दाखवावा लागत नाही. धान्याच्या कणगीखाली तो बीळ करतो, हे ती जाणतात. इंग्रजीत घुशीला 'बँडिकूट' म्हणतात. हा शब्द तेलुगूतील 'पंदिकोक्कु' यापासून झाला. 'पंदि' म्हणजे डुक्कर व 'कोक्कु' म्हणजे उंदीर. डुकराएवढा उंदीर हे वर्णन थोडे अतिशयोक्त आहे खरे. परंतु ज्याच्या घराची भिंत घुशीने पोखरली असेल त्याला ते अतिशयोक्त वाटणार नाही. हाच शब्द इंग्रज पुढे ऑस्ट्रेलियात घेऊन गेले आणि तेथील एका लांब नाकाच्या, पोटाशी पिशवी असणाऱ्या छोट्या प्राण्यास त्यांनी तो लावला. त्या प्राण्याचे घुशीशी कोणतेही नाते नाही. आंध्रातील शेतकऱ्याने घुशीस दिलेले नाव आज ऑस्ट्रेलियातील मुले आपल्या देशातील प्राण्यास लावतात.

चित्त्याचे उदाहरण याहून हृद्य आहे. इंग्रजी 'चीता' हा शब्द हिंदीतून गेला, आणि त्याचे मूळ संस्कृत 'चित्र' शब्दाशी आहे. अंगावर ठिपके असलेला तो चित्रक. एके काळी हा प्राणी आपल्या देशात होता. कोल्हापूर संस्थानात शिकारीसाठी चित्ते पाळले जात. तो भारतातून नामशेष झाल्याचे १९५२ मध्ये जाहीर झाले. प्राणी गेला, परंतु त्याचे भारतीय नाव जगभर राहिले. आफ्रिकेतील चित्त्यासही इंग्रजी बोलणारे याच नावाने ओळखतात. पुढे १७ सप्टेंबर २०२२ रोजी नामिबियातून आठ चित्ते मध्य प्रदेशातील कुनो येथे आणण्यात आले. येथे आणखी एक गोष्ट स्पष्ट करावी. उसात सापडणारा तो बिबट्या. त्याला काही गावांत चित्ता म्हणतात. दोघांच्याही अंगावर ठिपके असल्याने हा घोटाळा होतो. बिबट्याचे ठिपके फुलासारखे पोकळ असतात, चित्त्याचे भरीव. शिवाय चित्त्याच्या डोळ्यांपासून तोंडापर्यंत अश्रूंच्या ओघळासारखी काळी रेघ असते.

संस्कृतची आवड असणाऱ्या शिक्षकांसाठी एक जोडी देतो. इंग्रजी 'डिअर' म्हणजे हरीण; परंतु जुन्या इंग्रजीत या शब्दाचा अर्थ केवळ 'पशू' एवढाच होता. जर्मन भाषेतील 'टीअर' या त्याच्या भावंडाचा अर्थ अजूनही 'प्राणी' असाच आहे. आपल्या 'मृग' शब्दाची कथा हीच आहे. मृग म्हणजे मुळात कोणताही रानपशू. म्हणून सिंहाला मृगराज, माकडाला शाखामृग आणि शिकारीला मृगया म्हणतात. मृगराज म्हणजे हरणांचा राजा अशी फोड मुले करतात. ती येथे दुरुस्त होते. दोन दूरच्या भाषांत, एकमेकींकडून काही न घेता, शब्द एकाच रीतीने आकुंचित झाला.

इतर काही उदाहरणांचा केवळ उल्लेख करतो. कॅनरी पक्ष्यांचे नाव कॅनरी बेटांवरून पडले. परंतु त्या बेटांचे लॅटिन नाव मात्र कुत्र्यांवरून पडलेले आहे. कॅमेरून देशाचे नाव कोळंबीवाचक पोर्तुगीज शब्दावरून आले आहे. गिनी पिग हा प्राणी गिनीचा नाही आणि डुक्करही नाही. तो दक्षिण अमेरिकेतला. सिंगापूर म्हणजे सिंहपूर, पण तेथील रानात सिंह नाही.

वर्गात हा पाठ घेताना फळ्यावर तीन रकाने आखावेत : नाव, ते इंग्रजांनी कोणाकडून ऐकले, आणि त्या प्राण्याचे वा देशाचे खरे ठिकाण. दुसरा व तिसरा रकाना जेथे जुळत नाही, तेथे मुलांना थांबवून कारण विचारावे. तिसरी-चौथीत मुंगूस, घूस व चित्ता एवढे पुरे. टर्की व इंडिया ही नावे सहावी-सातवीसाठी राखून ठेवावीत, कारण त्यांना इतिहासाची थोडी पूर्वतयारी लागते. मुले उत्साहाने स्वतःच व्युत्पत्ती करू लागतील; आपला पेरू हे फळ आणि पेरू हा देश यांचा उच्चार एक असल्याचे कोणी ना कोणी निदर्शनास आणीलच. त्याला शाबासकी द्यावी, पण फळ्यावर लिहू नये. केवळ उच्चार जुळला म्हणून नाते सिद्ध होत नाही. शब्द कोणी, कधी आणि कोणत्या वाटेने आणला याचा पुरावा लागतो, हे त्याच वेळी सांगावे. एखाद्या नावाचा उगम शिक्षकास ठाऊक नसेल, तर तो रकाना खुशाल रिकामा ठेवावा आणि शब्दकोश पाहून दुसऱ्या दिवशी भरावा.

टर्कीच्या पाठासाठी जगाचा नकाशा आवश्यक आहे. मेक्सिकोपासून दोरा काढून तो स्पेन, इंग्लंड, तुर्किये, कालिकत, गोवा व आग्रा या क्रमाने टाचणीने लावावा आणि प्रत्येक ठिकाणी त्या पक्ष्याचे तेथील नाव कागदाच्या चिठ्ठीवर लिहून चिकटवावे. आग्र्याची चिठ्ठी कोरी ठेवावी. नकाशा फाटला असेल तर वर्गाच्या फरशीवर मुलांकडून खडूने काढून घ्यावा. किनारे हुबेहूब साधले नाहीत तरी चालेल. मेक्सिको डाव्या बाजूस आणि गोवा उजव्या बाजूस आला म्हणजे काम भागते.